एक जूनची पिढी आणि विहारातले टेबल

आमच्या पिढीतल्या निम्म्याअधिक माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. आईबापाला अक्षरओळख नव्हती, जन्माची नोंद कुणी धड ठेवली नव्हती. शाळेत नाव घालायला नेले की गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. हात कानाला लागला की सहा वर्षे पूर्ण. मग अंदाजाने साल आणि सरसकट १ जून ही तारीख. त्या गुरुजींना काय ठाऊक की साठ वर्षांनी महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस होऊन बसेल! ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे एकाच हॉलमध्ये, एकाच बॅनरखाली, चार-पाच जणांना एकदम शाल आणि श्रीफळ. बहुतेक जण आपल्या समाजाचे किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्या समाजांचे. ज्यांच्या घरी जन्मपत्रिका होती, त्यांचे वाढदिवस वर्षभर विखुरलेले असतात.

मीही त्यातलाच. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून ३१ मे २०१९ रोजी निवृत्त झालो. त्या दिवशीच्या भाषणात एका अधिकाऱ्याने मला ‘आता वानप्रस्थाश्रमाचा आनंद घ्या’ असे सांगितले. बिचाऱ्याने चांगल्या मनाने सांगितले. पण मी खुर्चीत जरा चुळबुळलो. ज्या आश्रमव्यवस्थेत शूद्राला आणि स्त्रीला जागाच नव्हती, त्या व्यवस्थेच्या तिसऱ्या पायरीवर मला कुणी प्रेमाने बसवत होते! बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये या चार आश्रमांचे कोडे स्वतंत्रपणे सोडवायला घेतले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. आमच्या बापजाद्यांना ना ब्रह्मचर्याश्रम होता ना वानप्रस्थ. त्यांना एकच आश्रम होता, राबण्याचा.

माझे वडील सालगडी होते. मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बदलते. पाटलाच्या वाड्यावर गुढी उभी राहिली की त्याच सावलीत पुढच्या वर्षाचा सौदा ठरायचा. इतकी पोती ज्वारी, इतके रुपये, एक घोंगडी, एक जोडा. मागची उचल फिटली नसेल तर सौदाही नाही, नुसतेच पुढे चालू. कवींना चैत्रात पालवी दिसते. माझ्या वडिलांना चैत्रात नवा मालक दिसायचा, नाहीतर जुनाच मालक नव्या वर्षासाठी. ते हयातीत कधी निवृत्त झाले नाहीत. सालगड्याला निवृत्तिवेतन नसते, उपदान नसते, निरोप समारंभ तर नसतोच. तिफण हातातून सुटली आणि सहा महिन्यांत ते गेले. म्हणजे आमच्या घराण्याच्या ज्ञात इतिहासात ‘निवृत्त’ झालेला मी पहिला माणूस. ही गोष्ट मला निरोप समारंभात सुचली नाही. सुचली असती तर भाषणात सांगितली असती. ती सुचली पुढच्या फाल्गुनात, विहारातल्या पिंपळाखाली. त्या वेळी त्याची जुनी पाने गळून तांबूस कोवळी पालवी फुटत होती आणि मी सकाळी नऊ वाजता, कामाच्या दिवशी, काहीही न करता बसलो होतो. सहा पिढ्यांत असे बसलेला पहिला पुरुष! थोडी लाजच वाटली.

निवृत्तीनंतरचा पहिला वसंत आंबेडकरी माणसाच्या आयुष्यात मोठा गजबजलेला असतो. आपला वसंत पंचांगातल्या वसंतपंचमीला सुरू होत नाही. तो ७ फेब्रुवारीला, माता रमाईच्या जयंतीला सुरू होतो. मग २० मार्च, चवदार तळ्याचा दिवस. मग ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब. मग वैशाख पौर्णिमा. आणि शेवटी २७ मे, रमाईचा स्मृतिदिन. नोकरीत असताना हे सगळे रजेच्या अर्जावर बसवावे लागत होते, आणि मार्चअखेरची वसुली तोंडावर असताना महसूल खात्यात रजा मागणे म्हणजे काय, ते त्या खात्यातल्यांनाच विचारा. आता रजा कुणाला मागायची नव्हती. मी विहाराच्या कमिटीत नाव घातले. २०२० च्या जयंतीसाठी व्याख्यानमाला ठरवली, अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम ठरवला, वक्त्यांना फोन केले, पत्रिका छापायला टाकली.

आणि २५ मार्च २०२० पासून देशाला कुलूप लागले.

माझे ते पहिले पूर्णवेळ गृहस्थजीवन. एकोणसाठाव्या वर्षी! तोपर्यंत मी घरात राहत होतो असे म्हणायचे, पण खरे म्हणजे मुक्कामाला येत होतो. दिवसा कार्यालय, संध्याकाळी संघटना, रविवारी धम्मपरिषद. आमच्यातले अनेक कार्यकर्ते असेच जगले. त्याचा अभिमानही बाळगला. घर कुणी चालवले, हा प्रश्न कधी बैठकीच्या विषयपत्रिकेवर आला नाही.

त्या टाळेबंदीत एक दिवस मी साखरेचा डबा शोधायला स्वयंपाकघरातली मांडणी उपसत होतो. डाळीच्या डब्यामागे एक लहानशी पत्र्याची डबी हाताला लागली. उघडली. आत कुंकू, आणि कापडात गुंडाळलेला मरीआईचा चांदीचा टाक. बोटाच्या पेराएवढा.

मी किती ठिकाणी बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या असतील, त्याचा हिशेब नाही. लग्ने लावली, नामकरणे केली, पुण्यानुमोदनात बोललो. ‘घरातले देव बाहेर काढा’ हे वाक्य माझ्या भाषणात नक्की असायचे. आणि माझ्याच घरात, माझ्याच डाळीमागे, देव! आवाज चढला. सून मुलाला घेऊन आतल्या खोलीत गेली. पत्नी मात्र पोळ्या लाटत राहिली. पोळी तव्यावर टाकून म्हणाली, “आईनं मरताना दिला होता. कुठं टाकू तो? आणि तुम्ही साऱ्या जिल्ह्याला प्रतिज्ञा सांगितल्या. मला कधी बसवून सांगितल्या का? मी सभेत मागं बसायचे, लेकरू रडायला लागलं की उठून बाहेर जायचे. बाराव्या-तेराव्या प्रतिज्ञेच्या पुढं मी कधी ऐकलंच नाही.”

वाचकहो, याला उत्तर नव्हते. आजही नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाचा गृहत्याग कसा सांगितला आहे, ते आपण सगळे जाणतो. मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाला टाकून चोरपावलांनी निघून जाणारा राजपुत्र त्यांनी नाकारला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. निघण्यापूर्वी तो आईवडिलांशी बोलला, यशोधरेशी बोलला, तिची संमती घेतली. हा प्रसंग मी शेकडो वेळा रंगवून सांगितला होता. पण आपण संघटनेसाठी घर सोडून रोज संध्याकाळी निघतो, तेव्हा घरातल्या यशोधरेला काही विचारले होते का, हा प्रश्न मला डाळीच्या डब्यासमोर उभे राहीपर्यंत पडला नव्हता.

त्या दिवसानंतर आम्ही दोघे दुपारी तो ग्रंथ घेऊन बसू लागलो. ती चौथी शिकलेली. अक्षरावर बोट ठेवून वाचायची, जोडाक्षराला अडायची. मी अधीरतेने पुढचा शब्द सांगायचो. ती म्हणायची, “थांबा की जरा.” रोज दोन पाने, कधी एक. मी तीस वर्षे धम्मप्रवचने केली, पण तिच्या बोटाच्या वेगाने वाचल्यावर काही वाक्ये मला नव्याने कळली. माणूस घाईने वाचतो तेव्हा त्याला आधीच ठाऊक असलेलेच दिसते.

त्याच काळात मी तिला पाली वाङ्मयातल्या नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याची गोष्ट सांगितली. आपल्याकडे अनाथपिंडिक आणि विशाखा यांची नावे सगळ्यांच्या तोंडी आहेत, कारण त्यांनी मोठमोठी दाने दिली. हे जोडपे साधे. भग्ग देशातले. नवरा म्हातारा झाला, आजारी पडला, मरणाची भीती वाटू लागली, आणि त्याहून जास्त बायकोची काळजी. आपल्यामागे हिचे कसे होणार? तेव्हा नकुलमाता त्याला समजावते. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मुलांना मी पोसीन, घर सांभाळीन, शील सोडणार नाही. काळजी घेऊन मरू नका. आणि तो बरा होतो. पुढे बुद्धाकडे काठी टेकत जातो, तेव्हा बुद्ध त्याची पाठ थोपटतात, अशी बायको मिळाली म्हणून. दुसऱ्या एका प्रसंगी म्हाताऱ्या नकुलपित्याला बुद्ध सांगतात की शरीर आजारी असले तरी मन आजारी पडू देऊ नये, हे शीक. निवृत्त माणसासाठी याहून मोठे प्रवचन मला सापडलेले नाही. पत्नीने गोष्ट ऐकली आणि एवढेच म्हणाली, “तिला पेन्शन नव्हती वाटतं.”

खरेच नव्हती. आणि आमच्या घरातली पेन्शनही माझ्या नावावर, कष्ट मात्र दोघांचे.

१४ एप्रिल २०२० ला सकाळीच टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. मिरवणूक नाही, विहार बंद. घरात प्रतिमेसमोर मेणबत्त्या लावल्या. नातवाने पुठ्ठ्याचे संविधान केले. व्याख्यानमालेसाठी जमलेली वर्गणी शिल्लक होती. कमिटीतल्या तरुणांनी फोनवर ठरवले की तिचे गहू, तांदूळ, तेल घ्यायचे. वस्तीत हातावर पोट असणारी घरे किती, याची यादी आमच्याकडे नव्हती. तरुणांकडे होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्याच तरुणांना आम्ही डीजेवरून झोडपणार आहोत.

७ मेला बुद्ध पौर्णिमा झाली. घरोघरी खीर झाली. ८ मेच्या पहाटे आमच्या औरंगाबाद शहराजवळ, ज्याला २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणतात, करमाडपाशी रेल्वेरुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याहून चालत मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघालेले ते मजूर होते. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकरी-पोळ्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. आदल्या रात्री आपण करुणेवर बोललो होतो आणि काही कोसांवर ही माणसे अंधारात चालत होती. त्या सकाळी माझ्या पत्नीने कुणाला न विचारता परात काढली. शेजारणींना हाक दिली. दुपारपर्यंत भाकरीचे गठ्ठे घेऊन पोरे जालना रोडवर उभी होती. उपासिका संघ म्हणून ज्यांचे नाव आम्ही फक्त पत्रिकेत, सर्वांत खाली छापत होतो, तो संघ त्या दिवशी मला पहिल्यांदा काम करताना दिसला. म्हणजे काम तो आधीही करत असणार. माझी नजर नव्हती.

पुढच्या वर्षीचा वसंत याहून वाईट होता. २०२१ च्या मार्च ते मे या काळात आमच्या विहारातली पाच माणसे गेली. तीन निवृत्त कर्मचारी, एक अंगणवाडी सेविका, आणि आमचे बौद्धाचार्य. ज्यांनी वस्तीतल्या प्रत्येक घरचे पुण्यानुमोदन केले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला आम्ही फोनवर त्रिशरण-पंचशील म्हटले. त्यावर जास्त लिहिवत नाही.

विहार पुन्हा उघडला तेव्हा व्याख्यानमालेचा उत्साह माझ्यात राहिला नव्हता. वक्ता येणार, आम्ही म्हातारे पहिल्या रांगेत बसणार, टाळ्या वाजवणार, घरी जाणार. त्यापेक्षा मला जे येते ते करावे असे ठरवले. मला काय येते? अर्ज भरता येतो. छत्तीस वर्षे तेच केले. कुठला दाखला कुठल्या टेबलावर अडतो, आणि का अडतो, हे मला माहीत आहे. मग विहाराच्या व्हरांड्यात, पिंपळाच्या बाजूला, एक टेबल टाकले. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा. माझ्यासोबत टपाल खात्यातले एक निवृत्त, एक निवृत्त मुख्याध्यापिका ताई, आणि वीज मंडळातले एक लाइनमन, ज्यांचे अक्षर आमच्या सगळ्यांत सुंदर आहे.

हे टेबल वसंतातच सर्वांत जास्त चालते. कारण सरकारी वर्ष चैत्राच्या आसपास संपते. उत्पन्नाच्या जुन्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला सरते आणि एप्रिलपासून नवा काढावा लागतो. शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे अर्ज याच सुमारास असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना या जागांतून सूट देऊ केली होती. उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला. पण मधल्या चार-पाच महिन्यांत आमच्या टेबलावर आलेल्या आयांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी पाहिला आहे. न्याय मिळतो तेव्हा जूनची शाळा सुरू होऊन गेलेली असते. बारावीच्या निकालाआधी जातवैधतेची धावपळ. त्यानंतर भारत सरकार शिष्यवृत्ती, स्वाधार, वसतिगृह, महाडीबीटीचा ऑनलाइन अर्ज. तो ऑनलाइन भाग आमचा नाही. त्यासाठी दोन मुली लॅपटॉप घेऊन बसतात आणि आम्ही चष्मा वर-खाली करत त्यांच्या मागे उभे राहतो.

जातवैधतेचे काम मला सर्वांत जिवाभावाचे वाटते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. त्या काळातल्या नोंदी उर्दूत, नाहीतर मोडीत. आजोबा शाळेत गेलेला असेल तर प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. पण आमच्यापैकी कुणाचा आजोबा शाळेत गेला होता? मग उरते कोतवाल बुकाची नक्कल, गावचा जन्ममृत्यूचा नमुना. त्यात कुठेतरी एका ओळीत पणजोबाच्या मृत्यूची नोंद सापडते, नावापुढे ‘महार’. ज्या शब्दाने गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले, तो शब्द सापडला की नातीचे इंजिनिअरिंगचे भवितव्य सुटते! ती मुलगी तो जुना कागद मोबाइलमध्ये टिपून घेते आणि तिचा बाप हातरुमालाने डोळे पुसतो. दोघांच्याही मनात काय चालले असेल, ते मी विचारत नाही.

आणखी एक घोळ. धर्मांतरानंतर अनेकांनी शाळेत जातीच्या रकान्यात नुसते ‘बौद्ध’ लिहिले. स्वाभिमानाने लिहिले, ते बरोबरच होते. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९० साली, व्ही. पी. सिंग यांच्या काळात कायदा दुरुस्त झाल्यावर. पण केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ जात लागते, आणि ज्याच्या तीन पिढ्यांच्या कागदावर फक्त ‘बौद्ध’ आहे तो रांगेत अडकतो. एका पोराने मला चिडून विचारले, “काका, मग आजोबांनी बौद्ध लिहिलं ते चुकलं का?” मी म्हणालो, नाही, चुकलेले नाही. त्यांच्या त्या एका शब्दासाठी आपण दहा कागद जास्त जोडू. बस, खुर्ची घे.

विहारात बसून दाखल्यांचे अर्ज भरणे हा काही धम्म नव्हे, असे आमच्यातल्या काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे. त्यांना वाटते की निवृत्तांनी ध्यान करावे, शिबिरे करावीत. माझा ध्यानाला विरोध नाही. मी स्वतः इगतपुरीला दहा दिवस बसून आलो, गुडघे सोडले तर फायदाच झाला. पण डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या दाराबाहेर एक विद्यार्थिनी दाखल्यावाचून ताटकळत असेल, तर आधी डोळे उघडावेत असे माझे मत आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. निवृत्ताला पैशापेक्षा वेळेचे भाग करावे लागतात. मी ते अजून शिकतोच आहे.

आता डीजे. दर वर्षी मार्चमध्ये आमच्या पिढीचा एक ठरलेला लेख येतो. तरुण पोरे जयंतीत नाचतात, वर्गणी उडवतात, वाचत नाहीत. मीही असे लिहिले आहे. पण एकदा आपलेही दप्तर तपासू या. १९९० नंतर पगार वाढले, कर्ज मिळाले, आणि आम्ही वस्ती सोडून रो-हाऊसमध्ये गेलो. घरांना ‘संघमित्रा’, ‘लुंबिनी’ अशी नावे दिली. वस्तीत उरली ती ज्यांना जाता आले नाही ती माणसे, आणि त्यांची पोरे. त्या पोरांना अभ्यासाला बसवणारा मामा, काका, गुरुजी त्या गल्लीतून एकदमच निघून गेला. मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्हाला रात्री अकरापर्यंत वाचायला बसवणारे थोर विद्यार्थी होते. १९७८ च्या नामांतराच्या होरपळीत आम्हाला पाठीशी घालणारी माणसे होती. या पोरांच्या पाठीशी कोण होते? वर्षाला एकदा येऊन ‘शिका’ म्हणून सांगणारे आम्ही, आणि वर्षभर त्यांच्यासोबत राहणारा तो स्पीकर. आता निवृत्त झालो म्हणून आम्ही परत आलो आहोत. आणि आलो तेही थेट अध्यक्षाच्या खुर्चीकडे बोट दाखवत! पत्रिकेवर ‘मार्गदर्शक’, ‘सल्लागार’, ‘प्रमुख सल्लागार’ अशी आमच्या नावांची रांग इतकी लांबते की बाबासाहेबांची प्रतिमा लहान छापावी लागते. गेल्या वर्षी दोन निवृत्त वर्ग-एक अधिकारी ध्वजारोहण कोणी करायचे यावरून तीन दिवस बोलत नव्हते. शेवटी ध्वज सफाई कामगार असलेल्या एका ताईंच्या हस्ते फडकावला. पोरांनी ठरवले, आम्हाला विचारले नाही, आणि बरे केले.

पण या सगळ्यापेक्षा एक काळजी मोठी आहे आणि तिच्यावर बैठकीत कुणी बोलत नाही. विहारांच्या पावतीपुस्तकात पाहा. दरमहा नियमित दान कुणाचे आहे? पेन्शनरांचे. १९७८ साली बामसेफची स्थापना झाली तेव्हा समाजाची परतफेड करण्याचा विचार नोकरदार वर्गापुढे ठेवला गेला, कारण आरक्षणाने एक नोकरदार वर्ग उभा राहिला होता. तो वर्ग आता ३१ मेच्या रांगेतून एकेक बाहेर पडतो आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे राज्य सेवेत लागले त्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी तिच्यासाठी संपावर गेले होते. आणि चतुर्थश्रेणीच्या ज्या जागांवर आमचे बाप-चुलते पहिल्यांदा चिकटले, त्या शिपाई, सफाई कामगार, पहारेकरी यांच्या जागा कंत्राटदाराकडे गेल्या. कंत्राटात आरक्षण नाही, निवृत्ती नाही, निरोप समारंभ नाही. दर अकरा महिन्यांनी करार नवा. माझ्या वडिलांचे साल पाडव्याला बदलायचे, माझ्या पुतण्याचे फेब्रुवारीत बदलते. एवढाच फरक. तो एका मोठ्या सरकारी इमारतीत पहारेकरी आहे. त्याच इमारतीत मी कायम नोकरीत होतो.

पुतण्या रविवारी टेबलावर येतो, मुलीचा अर्ज भरायला. त्याला मी काय सांगणार, समाजाची परतफेड कर? तो स्वतःच कर्जात आहे. आमच्या कमिटीने यंदा ठरवले आहे की मिरवणुकीच्या खर्चातला एक भाग कंत्राटी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची खाती तपासून देण्याच्या कामाला लावायचा. ठेकेदार पगारातून कापतो आणि भरत नाही, असे प्रकार किती आहेत ते त्या कागदांतूनच कळेल. ठराव मांडला तेव्हा दोन ज्येष्ठ नाराज झाले. डीजेवाल्या पोरांनी मात्र हात वर केले. त्यातले सहा जण स्वतः कंत्राटावर आहेत.

त्या टाकाचे काय झाले, असे वाचक विचारतील. मी पुन्हा कधी विषय काढला नाही. २०२२ च्या चैत्रात नातीच्या पायात नवे पैंजण दिसले. मी म्हणालो, कुठून आणले? पत्नी म्हणाली, “चांदी होती घरात.” मी गप्प बसलो. नात घरभर छुमछुम फिरत होती.

या मे महिन्यात पत्नी महिलांच्या दहा दिवसांच्या धम्म प्रशिक्षण शिबिराला निघाली आहे. दोन पांढऱ्या साड्या इस्त्री करून ठेवल्या आहेत. वही घेतली आहे, आणि ग्रंथात जिथे आम्ही थांबलो तिथे कागदाचा कपटा घातला आहे. मला बजावले आहे की तिच्यामागे पुढे वाचायचे नाही. दहा दिवसांत टेबलाचे दोन रविवार येतात. मी तिला म्हणालो, दुपारच्या जेवणाचे कसे? तिने भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने पिठल्याची कृती लिहून लावली आहे. जोडाक्षरे सगळी बरोबर आहेत. मीठ किती, ते तेवढे लिहायचे राहिले आहे.